बसल्या जागेचे देशाटन

प्रवासाची आवड मनुष्यास उपजत असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ती पुरविण्याची साधने सर्वांस सारखी कधीच मिळाली नाहीत, ही गोष्ट प्रवासाचे गोडवे गाणारे लेखक बहुधा विसरतात. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव घ्या. गोदावरी व पूर्णा ह्या दोन नद्यांच्या मधला हा काळ्या मातीचा टापू. कापूस, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन ही तेथील पिके. अशा गावातील शेतकऱ्याच्या घरी मागच्या पिढीपर्यंत प्रवास म्हणजे काय होता? आषाढीस पंढरपूर, पर्वणीस गंगाखेड, नवसाचे तुळजापूर, आणि लग्नकार्याच्या निमित्ताने सोयऱ्यांची चार गावे. एखाद्या भाग्यवंतास म्हातारपणी काशी घडे. आज त्याच घरातील मुलगा जेवण झाल्यावर ओट्यावर बसतो, हातातला मोबाईल उघडतो आणि काळ्या समुद्रातल्या एका बेटावर विमानातून उडी घेतो. तेथील टेकड्या, पूल व ओस पडलेली घरे त्यास आपल्या शिवारातील बांधांइतकी पाठ असतात.

वडील मंडळींस ह्याची चिंता वाटते. बसल्या जागी जग फिरून आलेला मुलगा उंबऱ्याबाहेर पाऊल कशाला टाकील, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो थट्टेने उडवून लावण्याजोगा नाही. तथापि ह्या प्रश्नाचा विचार करताना आपण असे धरून चालतो की, बसल्या जागेचा प्रवास ही काल-परवाची, परदेशातून आलेली टूम आहे. हे गृहीत आम्हांस मान्य नाही. हा प्रवास आपल्याकडे फार जुना आहे, त्याचे कर्ते कोण व उपभोक्ते कोण हे बऱ्याच अंशी सांगता येते, आणि त्या इतिहासात प्रस्तुत प्रश्नाचे उत्तरही थोडेफार सापडते.

आरंभ फार दूर जाऊन करण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील खेड्यात गोदावरीस गोदावरी म्हणणारा मनुष्य विरळा. तिला ‘गंगा’च म्हणतात, आणि तिच्या काठच्या खेडाचे नाव गंगाखेड. उत्तरेची गंगा शेकडो कोस लांब. तिथवर जाणे सर्वांस साधेना, तेव्हा आपल्या पूर्वजांनी नावाच्या बळावर गंगाच घराजवळ आणली. रोजच्या स्नानाच्या वेळी तांब्यातील पाण्यात सात नद्यांचे आवाहन करण्याची चाल तर घरोघर होती. हिमालयापासून कावेरीपर्यंतचा भूगोल एका तांब्यात मावत असे! ह्यास कोणी भाबडेपणा म्हणेल. आम्हांस त्यात जावेसे वाटण्याची ओढ व जाता न येण्याची अडचण, ह्या दोहोंमधील एक सामोपचार दिसतो.

ह्या टापूने मराठी भाषेस दोन मोठी माणसे दिली. एक नामदेव, त्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखविते, ते गाव 1999 सालापर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, त्या साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. दुसरी जनाबाई, ती गंगाखेडची. नामदेवांइतका चाललेला मराठी संत दुसरा दाखविणे कठीण. ज्ञानेश्वरांसह त्यांनी केलेल्या तीर्थयात्रेचे वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे, पुढे ते उत्तरेकडे गेले, आणि पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांची स्मृती आजही जिवंत आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे समाविष्ट आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ह्या घुमानास भरले, तेव्हा एका माणसाच्या पायांनी आखलेली वाट किती काळ टिकते ह्याचे प्रत्यंतर आले.

जनाबाईचा एकच प्रवास परंपरेस ठाऊक आहे. लहानपणी ती गंगाखेडाहून पंढरपुरास आली, दामाशेटींच्या घरी राहिली, आणि पुढचे आयुष्य दळण-कांडण, शेण-गोवऱ्या, धुणी-पाणी ह्यांत गेले. यात्रेस निघालेल्या पुरुषांच्या मागे घर सांभाळणारे कोणी लागतेच. ते काम दासीकडे आले. परंतु तिच्या अभंगांतली सृष्टी पाहावी, तर जाते आहे तिथेच आहे आणि देवच चालत तिच्याकडे येतो, दळू लागतो, वेणी घालतो. एकाच घरात एक सर्व देश फिरून आला आणि दुसरीने सर्व देव घरी आणला. येथे एक गंमतीची गोष्ट नमूद करणे भाग आहे. तीर्थावळीतील नामदेव हा हौशी प्रवासी मुळीच नाही. पंढरी सोडण्यास तो तयार नसतो, वाटेने विठ्ठलाच्या आठवणीने व्याकूळ होतो, आणि परतल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे ज्यास जाण्याची मोकळीक होती त्यास घराची ओढ, आणि जी घरात बांधलेली तिचे मन मात्र मोकळे! पुरुषांनी लिहिलेल्या प्रवासाच्या इतिहासात हा विरोध फारसा कोणी नोंदलेला आम्ही पाहिला नाही.

आता तीर्थावळीसारख्या रचना ऐकणारे कोण होते, हे ध्यानात घ्यावे. कीर्तनास बसलेली बहुतेक माणसे प्रयाग वा द्वारका जन्मात पाहणार नव्हती. बैलगाडीचा खर्च, वाटेतील चोरांची भीती, शेताची कामे, आणि बायकांच्या बाबतीत घरच्यांची परवानगी, ह्या चार भिंती त्यांच्याभोवती होत्या. जो गेला त्याने परत येऊन सांगितले, आणि जे गेले नाहीत त्यांनी ऐकून आपली हौस भागविली. एकाने चालावे आणि शंभरांनी ऐकावे, अशी ही वाटणी होती. तीत लबाडी नव्हती, कारण सांगणारा खरोखर चाललेला असे.

ह्या वाटणीचा सर्वांत हृद्य दाखला एका भटजींच्या हकिकतीत सापडतो. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानात गेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता होती. यज्ञ राहिला बाजूस. भटजी बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, अनेकदा नागवले गेले. परंतु परतताना त्यांनी जी वस्तू सांभाळून आणली ती म्हणजे गंगेची कावड. घरी येऊन त्या पाण्याने त्यांनी आईबापांस स्नान घातले. आईबाप वरसईहून हलले नाहीत, आणि गंगास्नान त्यांस घडले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी आपली हकिकत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ ह्या नावाने 1907 साली छापून आली. ही दुसरी कावडच म्हणावयाची. पहिलीतले पाणी दोन माणसांस पुरले. दुसरीतले आज शंभराहून अधिक वर्षे मराठी वाचक पीत आले आहेत आणि ते आटत नाही.

ह्या पुस्तकाची गोडी कशात आहे? आमच्या मते अडचणींत. भटजी कोठे उपाशी राहिले, कोठे लपले, कोणत्या घाटावर कसे सोवळे सांभाळले, हे सर्व येते. वाचणारा आपल्या माजघरात सुखरूप बसून त्यांची भीती अनुभवतो. सुखरूपपणा हा बसल्या प्रवासाचा धर्म होय, आणि त्याबद्दल लाजण्याचे कारण नाही. मात्र ती भीती कोणीतरी खरोखर भोगलेली होती, ही जाणीव वाचनाच्या तळाशी असते. ती काढून घेतली, तर पुस्तक अर्धे होईल.

खेळाच्या रूपाने प्रवास घडविण्याची कल्पनाही आपणांस परकी नाही. मोक्षपट नावाचा सोंगट्या-कवड्यांचा खेळ महाराष्ट्रात खेळला जात असे. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. पटाच्या तळाशी अधोगतीची घरे, वर वैकुंठ. मध्ये सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. कवडी टाकावी आणि इहलोकापासून मोक्षापर्यंतची वाट बसल्या बैठकीस चालावी. हाच खेळ 19व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, आणि तेथे त्यातील मोक्ष गळून नुसते साप व शिड्या उरल्या. इंग्रजांच्या घरात त्याआधीच भूगोलाचे पट होते. जॉन जेफरीज नामक गृहस्थाने 1759 साली युरोपच्या नकाशावर फाशाने प्रवास करण्याचा खेळ छापला होता. दोन्हींतील फरक चित्तवेधक आहे. त्यांच्या पटावर सोंगटी शहरांतून जाते, आपल्या पटावर ती गुणदोषांतून जाते. पृथ्वी पाहावी ही इच्छा त्यांच्या खेळात उघड. आपल्यात ती परलोकाच्या पडद्याआड. ह्यास समुद्रबंदीचा धाक कितपत कारण झाला असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ह्या संदर्भात झाव्हिए द मेस्त्र ह्या लष्करी अधिकाऱ्याची आठवण होते. 1790 साली तुरीन येथे द्वंद्वयुद्धापायी त्यास 42 दिवस घरात अडकवून ठेवले, तेव्हा त्याने आपल्याच खोलीचे प्रवासवर्णन लिहिले. पलंग, खुर्ची, भिंतीवरची चित्रे ही त्यातील मुक्कामाची गावे. पुस्तक विनोदी आहे. पण कोंडलेल्या माणसास प्रवास किती लागतो, हे त्याइतके चांगले दुसऱ्या कोणी सांगितले नसेल.

1900च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागली, आणि परभणी व पूर्णा ही नावे वेळापत्रकात आली. मुलूख तेव्हा निजामाचा. 1932 साली निजाम सरकारच्या रेल्वेखात्याने मोटारगाड्याही सुरू केल्या. ह्याच सुमारास, म्हणजे 1890च्या दशकापासून, कल्याणच्या पटवर्धन मंडळींची ‘शांबरिक खरोलिका’ गावोगाव फिरत होती. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून, त्यांस हालचाल देऊन, ही मंडळी पुराणातील प्रसंग दाखवीत. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, आणि तेथून पुढचा सिनेमाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. जत्रेत डोके खुपसून पाहण्याच्या पेटीतून दिल्ली-आग्रा पाहिलेली माणसे तर अजून हयात आहेत.

येथे वडील मंडळींच्या प्रश्नाची पहिली कसोटी लागते. चित्रे, पुस्तके व सिनेमा घरोघर आल्यावर लोकांनी प्रवास सोडला काय? झाले ते उलटेच. आगगाडी आणि चित्र ही दोन्ही एकाच काळात वाढली, आणि दिल्ली पेटीत पाहिलेला मनुष्य संधी मिळताच दिल्लीस जाऊन आला. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ 1889 साली निघाले, त्या वेळी ते वाचणाऱ्या किती स्त्रिया अमेरिकेस जाणार होत्या? परंतु रमाबाई स्वतः लहानपणापासून आईबापांसह सबंध हिंदुस्थान पायी तुडविलेल्या, दुष्काळात त्या दोघांसही गमावून भावाबरोबर कलकत्त्यापर्यंत चालत गेलेल्या. अशा बाईने समुद्रापलीकडचे वर्णन केले म्हणजे ते निव्वळ वर्णन राहत नाही. दार लोटलेले नाही, नुसते ओढून घेतलेले आहे, अशी बातमी ते माजघरात पोहोचविते. तिच्या वाचकांच्या नाती आज खरोखर अमेरिकेत राहतात.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. ह्या खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा चेंडूफळीच्या वा नेमबाजीच्या खेळांपासून आरंभ करतात. प्रवासाच्या दृष्टीने पाहता खरा आरंभ 1976च्या सुमाराचा, आणि तो एका गुहेत आहे. विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ हौशी गुहाशोधक होता. केंटकी प्रांतातील मॅमथ केव्ह नावाच्या अजस्र गुहामालिकेत तो हातापायांवर रांगला होता, तिची मोजणी करून त्याने नकाशे केले होते. त्या अनुभवावरून त्याने एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर दोन-चार वाक्ये येत, खेळणारा ‘उत्तरेस जा’ वा ‘खाली उतर’ असे टंकून पुढे जाई. काही भाग कल्पनेचा, परंतु दालनांची ठेवण व वाटा खऱ्या गुहेच्या. पुढे ज्यांस ‘साहसखेळ’ म्हणू लागले त्या साऱ्या कुळाचा हा मूळपुरुष. ह्या कुळाचा उगम एका चाललेल्या माणसापाशी आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. नामदेव, गोडसे भटजी आणि क्राउदर ह्यांस एका ओळीत बसविल्याबद्दल कोणी आम्हांस हसेल. परंतु स्वतः वाट तुडवून घरी बसलेल्यांस ती परत चालू देणे, हे कार्य तिघांचे एकच.

तेव्हापासून आजवर ह्या कलेने किती मजल मारली हे पाहिले म्हणजे मती गुंग होते. 2012 साली चेक देशातील एका मंडळीने ट्रक हाकण्याचा जो खेळ काढला, त्यात युरोपचे रस्ते सुमारे एकोणीस पटींनी आखडून घेतले आहेत. तरीही त्यात ड्रायव्हरास झोप घ्यावी लागते, दंड भरावा लागतो, पावसात काच पुसावी लागते. प्रवासातला कंटाळा हाच येथे करमणुकीचा विषय झाला आहे! 2018 साली फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने प्राचीन मिसर देशाच्या आपल्या खेळातून सगळी मारामारी काढून टाकून, नुसते हिंडावे व इतिहास ऐकावा, अशी निराळी आवृत्ती काढली. आणि 2017 साली कॅलिफोर्नियात रचलेल्या एका खेळात तर सह्याद्रीच आला. बेलूर-हळेबीडच्या होयसळ शिल्पांवरून स्फुरलेली नगरे त्यात अरण्यात लपलेली दाखविली आहेत. खरे बेलूर व हळेबीड ही नांदती गावे आहेत, तेथे एस.टी.सारखी बस जाते आणि देवळासमोर नारळपाणी मिळते. खेळ रचणारास अरण्य हवे होते, म्हणून त्याने अरण्य घातले. परंतु ज्याने खरे हळेबीड पाहिले नाही त्याच्या मनात हेच हळेबीड राहणार, ही अडचण उरतेच.

मराठवाड्याच्या खेड्यांत हे मोठ्या यंत्रांवरचे खेळ थोडे. तेथे 2016 सालानंतर स्वस्त झालेला डेटा व हातातला मोबाईल हेच वाहन. त्यावरील सर्वांत गाजलेला खेळ पब्जी. त्यातील एरंगेल नावाचे बेट आठ किलोमीटर लांब व आठ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या दहा-पाच शिवारांएवढे. आणि त्यातील पोचिंकी हे गाव एका काळी तालुक्याच्या गावापेक्षा अधिक मुलांस ठाऊक होते. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने ह्या खेळावर बंदी घातली, तेव्हा गाव उठल्यासारखी हळहळ व्यक्त झाली. पुढल्या वर्षी तो नाव बदलून परत आला. आमच्या मते हा प्रवासाचा खेळ नव्हे. जेथे प्रत्येक झुडपाआड मारेकरी आहे तेथे प्रदेश पाहण्यास सवड कोणास? परंतु मुलांनी त्यातही आपली वाट काढली. लढाई टाळून नदीकाठाने मोटार फिरवीत मित्रांशी गप्पा मारणारे पुष्कळ होते. हौस असली म्हणजे रणांगणाचेही पर्यटन होते.

ह्याहून आम्हांस अधिक मौज वाटली ती इंडोनेशियातील एका मंडळीने 2017 साली काढलेल्या बस हाकण्याच्या खेळाची. रस्ते जावा बेटाचे. परंतु गाडीस हवा तो रंग देण्याची त्यात सोय आहे. आमच्या मुलांनी काय करावे? त्यांनी त्या गाडीस एस.टी.चा लाल रंग चढविला, वर मराठी पाटी लावली आणि आपली लालपरी जावाच्या नारळीबागांतून हाकली. परदेशात जावे आणि आपल्याच गाडीने जावे, ही इच्छा अगदी नामदेवी आहे. तीर्थे सारी पाहावीत, परंतु पंढरी सोडवत नाही.

2020 साल ह्या सर्व प्रकरणास कसोटीचे ठरले. मार्चअखेर गाड्या थांबल्या, रस्ते बंद झाले, आणि जे कधी घडले नव्हते ते त्या आषाढात घडले. पायी वारी निघाली नाही. ज्ञानेश्वर व तुकाराम ह्यांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास नेल्या गेल्या. 1 जुलैची एकादशी लक्षावधी लोकांनी घरी बसून, पडद्यावर पूजा पाहून केली. शेगावची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेने दरसाल जाते. त्या वर्षी वाटेवरच्या गावांनी रांगोळ्या काढल्या तरी त्या तुडविणारे पाय आले नाहीत. ह्याच वर्षी 18 ऑगस्ट रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विमान चालविण्याचा नवा खेळ काढला, त्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सबंध पृथ्वी उभी केली होती. आणि योगायोग असा की, त्याच दिवशी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ प्रथम बाहेर आला. राक्षसांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक डोंबारी खेळ करणारी मुलगी राजस्थानी धाटणीच्या किल्ल्यांतून, महालांतून हिंडते, अशी त्याची कथा. जगातील लोक घरात कोंडलेले असताना पुण्याच्या मंडळींनी त्यांस आपल्याकडील वास्तू फिरवून आणल्या, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या कसोटीचा निकाल काय लागला? घरी बसून विठ्ठल पाहिलेल्या वारकऱ्यांनी 2022 साली वाट मोकळी होताच काय केले, ते सर्वांनी पाहिले. दोन वर्षे खंडलेली पायी वारी पुन्हा निघाली आणि रस्ते माणसांनी भरून गेले. पडद्यावरील दर्शनाने त्यांची भूक मेली नव्हती. ते दर्शन उपवासाच्या दिवशीच्या फराळाइतपतच होते. तेव्हा मुलगा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही ही भीती आम्हांस निराधार वाटते. तो बाहेर पडत नसेल, तर कारण मोबाईलात शोधण्याऐवजी खिशात, शेतीच्या उत्पन्नात आणि गाडीच्या तिकिटात शोधावे. मुलीच्या बाबतीत तर कारण अद्याप तेच जुने आहे, जे जनाबाईच्या वेळी होते. भाऊ मित्रांबरोबर दुचाकीवर माहूरला वा अजिंठ्याला जाऊन येतो. बहीण त्याच मोबाईलवर अजिंठा पाहते. दोघांच्या हातात यंत्र एकच असून एकास ते प्रवासाची तयारी आहे आणि दुसरीस प्रवासाच्या ऐवजी आहे. ह्या भेदाकडे डोळेझाक करून खेळांस दोष देणे, हे जात्यास दोष देण्यासारखे होय.

आमची खरी तक्रार निराळी आहे, आणि ती खेळणारांविषयी नाही. नांदेडहून अमृतसरास जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीस थांबते. नामदेवांनी जो पल्ला वर्षानुवर्षे चालून गाठला असेल, तो आज ताडकळसचा मनुष्य दीड-दोन दिवसांत बसल्या जागी गाठू शकतो. आपण बाहेरचे जग पुष्कळ पाहतो. परंतु बाहेरच्या जगास आपण कसे दिसतो? विमानाच्या त्या खेळात सबंध पृथ्वी आहे, म्हणजे ताडकळसही आहेच. मात्र त्याची रीत अशी की, मोठ्या शहरांतील निवडक इमारती माणसांनी नीट घडविलेल्या. उरलेल्या जगातील कोट्यवधी घरे यंत्राने वरून छायाचित्र पाहून अंदाजाने उभी केलेली. छताचा आकार दिसला की त्यावरून भिंती, खिडक्या, मजले ही सारी त्याची अटकळ. गुगलची रस्त्यारस्त्याने फिरून चित्रे घेण्याची सोय भारतात 2022 साली दहा शहरांत सुरू झाली, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर ही आपल्याकडची चार. मराठवाड्यातील एकही नव्हते.

म्हणजे स्वीडनमधला एखादा हौशी वैमानिक उद्या बसल्या जागी गोदावरीच्या खोऱ्यावरून उडत गेला, तर दोन नद्यांच्या मध्ये त्यास एक गाव दिसेल. त्या गावाच्या नावात ताड आहे आणि कळसही आहे, हे त्यास कळणार नाही. पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते, पोळ्यास बैल कोणत्या वाटेने मारुतीकडे नेतात, बाजाराच्या दिवशी कोण कोठे बसतो, ह्यांपैकी काही त्या चित्रात नाही. कारण तेथे चालून, मोजून, लिहून ठेवलेले यंत्रास मिळालेच नाही. केंटकीतील गुहेस तिचा क्राउदर मिळाला, झाशीस वरसईचा भटजी मिळाला. गोदावरीकाठच्या ह्या शेकडो गावांची पाहणी सरकारी गॅझेटियरात जेवढी आहे तेवढीच; घराघरांचे, पाराचे, वाटांचे वर्णन ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून ते उतरवून घेण्यास विमान लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. ज्या मुलांस एरंगेलची प्रत्येक वाट पाठ आहे, त्यांच्या हातातल्या यंत्रात ह्या कामापुरते कॅमेरा, नकाशा व आवाज टिपण्याची सोय अशी तिन्ही साधने आजच आहेत.